आधी खर्ची, मग जमा

आमच्या वाड्याच्या मंडळाचा कोजागरीचा मेळावा यंदा पहिल्यांदाच वाड्याबाहेर झाला. वाडा तसा उभा आहे, पण आता त्यात दिवा लावायला कोणी राहिलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर नाशिक महापालिकेची धोकादायक वाड्यांची नोटीस भिंतीवर लागायची, आम्ही ती वाचायचो आणि पापड वाळत घालायला वर जायचो, असं बरीच वर्षं चाललं. मग एकेक बिऱ्हाड हललं. नळाजवळचे देवळाली कॅम्पला, कोपऱ्यातल्या काकू लेकाकडे सिडकोत, आम्ही गेल्या दिवाळीनंतर इंदिरानगरला. माडीवरचे तेवढे राहिले होते, तेही मेअखेरीला पाथर्डी फाट्याला गेले. (आमच्यात आडनावं पत्रिकेपुरती. वाड्यात तुम्ही कुठे राहत होता तेच तुमचं नाव, मग आता आठव्या मजल्यावर का राहत असेनात.)

तर यंदा गंगापूर रोडला, देवडीतल्या अण्णांच्या थोरल्याच्या सोसायटीची गच्ची मिळाली. दीपप्रज्वलन, स्वागत, इतिवृत्त, हिशेब झाला. हिशेबाला 'मंजूर, मंजूर' म्हणणारे आवाज दर वर्षी तेच असतात आणि वर्गणी राहिलेलेही तेच. पाहुणे चांगलं बोलले. मुलांचं गाणं-वाजवणं आहे म्हटलं की कुठलाही पाहुणा विष्णु दिगंबर पलुस्करांकडे वळतोच: १९०१ साली लाहोरला काढलेलं गांधर्व महाविद्यालय, नाशिकचा रामनाम आधार आश्रम, १९२१ मध्ये इथेच जन्मलेले दत्तात्रेय पलुस्कर. आम्हा मोठ्यांना हे पाठ आहे. पण दर वर्षी कोणीतरी मूल पहिल्यांदा संगीताच्या परीक्षेचा फॉर्म भरलेलं असतं, आणि ज्या गांधर्व मंडळाचा तो फॉर्म आहे ते कुठून आलं हे त्याला कळायला हवंच. म्हणून मी पाहुण्यांना थांबवत नाही. दहा मिनिटांनंतर मात्र चिठ्ठी पाठवते.

माझा जीव अडकलेला असतो तो पुढच्या भागात. आम्ही त्याला जमाखर्च म्हणतो. ही प्रथा अण्णांची. ते पेठेत मुनीम होते. एका वर्षी मंडळाचा हिशेब वाचून झाल्यावर लोक पेंगायला लागले, तेव्हा ते म्हणाले, पैशांचं पुरे, आता आपापल्या घराचा सांगा. प्रत्येक घरातल्या एकाने उभं राहायचं, कागद घ्यायचा नाही, आधी खर्ची सांगायची, मग जमा. लहान मुलांनाही मुभा आहे. 'खर्ची दोन दात, जमा एक सायकल', असा एक जमाखर्च अजून वाड्यात सांगतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर भांडी बाजारात, सराफ बाजारात शिरला, त्या वर्षी जिन्याखालचे उभे राहिले. खर्ची म्हणाले दुकानातला सगळा माल, आणि जमा म्हणाले, 'रात्री न बोलावता चिखल काढायला आलेली सात पोरं.' त्यांनी सातही नावं घेतली, बापाच्या नावासकट. नळाजवळचे बायको गेल्याच्या वर्षी बोलले ते एवढंच: खर्ची तुम्हाला माहीत आहे, जमा, मला भाकरी येते. भाषण म्हणतात ते याला. शाल-श्रीफळवाल्या भाषणांना माझा विरोध नाही, पण वेळ कमी पडला की आपली कार्यकारिणी आधी जमाखर्चालाच कात्री लावायला बघते. ते मी असेपर्यंत होणार नाही, हे इथेही लिहून ठेवते.

यंदा सगळ्यांचे कान माडीवरच्यांकडे होते. त्यांचा मे महिना आम्ही लांबून पाहिला तरी दमलो. थोरलीची बी. फार्म.ची शेवटची परीक्षा. तिच्या आईची, म्हणजे आमच्या वहिनींची, मुक्त विद्यापीठाच्या बी. ए.ची शेवटची परीक्षा. मधल्याची गांधर्वची तबल्याची 'मध्यमा पूर्ण' परीक्षा, धाकटीची गाण्याची 'प्रवेशिका पूर्ण'. आणि पावसाच्या आत घर सोडायचं. वहिनी बारावी होऊन लग्न करून वाड्यात आल्या. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच गावात आहे, गंगापूर धरणाकडे जाताना पाटी सगळे बघतात. पण आत जाऊन नाव घालायला वहिनींना थोरली फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला जावी लागली. मग रविवारी अभ्यासकेंद्र, एरवी दुपारची भांडी आवरली की पुस्तक. सार्वजनिक वाचनालयाचं, आपल्या सावानाचं, कार्ड त्यांनी काढलं तेव्हा घरातल्यांना वाटलं दिवाळी अंकांसाठी असेल. त्या इतिहास वाचत होत्या. १८४० साली सुरू झालेल्या वाचनालयात बसून इतिहास वाचायचा म्हणजे बसल्या जागीच थोडाफार येतो, असं त्या म्हणायच्या.

माडीचा जिना कसा आहे ते वाड्यातल्यांना सांगायला नको. लोखंडी कपाट त्यातून उतरेना, शेवटी खिडकीतून दोर लावून सोडलं. दोर धरणारी पोरं म्हणजे आपलीच, पूर्वी रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पकन उड्या मारणारी. आता त्यांना कपाटापेक्षा स्वतःची पोटं सांभाळायची होती. छोटा हत्ती दोन फेऱ्यांत भरला. पेटी आणि तबला-डग्गा मात्र टेम्पोत चढवू दिला नाही. तीन मुलं तीन वाद्यं मांडीवर घेऊन रिक्षाने गेली. पाटा-वरवंटा कोणालाच नको होता, तो कोपऱ्यातल्या काकूंनी सिडकोत नेला. नव्या घरात दूध उतू घालायचं त्या संध्याकाळी वहिनी शेगडीपाशी एका हातात नोट्स धरून उभ्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी पेपर थोरलीचा होता. दूध भलत्याच वेळी उतू गेलं म्हणतात. गेलं ना, मग झालं.

मी त्यांच्याच खाली राहत होते, त्यामुळे त्यांच्या संगीताबद्दल बोलायचा माझा हक्क पहिला. माडीला फळ्या, फळ्यांवर मातीचा थर. वर तबला सुरू झाला की आमच्या ताटात बारीक माती. 'धा धा तिरकिट धा धा तू ना', दिल्ली घराण्याचा हा कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची रचना, त्या मुलाच्या आधी मला पाठ झाला. रियाजात त्याची लय पळायची. पळाली की मी खालून काठीने आढ्याला ठोका द्यायचे. माडीवरच्यांना तो ठोका तक्रारीचा वाटायचा. मी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, द्यायचे. हे मी पूर्वीही सांगितलंय, पण त्यांच्या घरात पटत नाही कोणाला.

यंदा तिघं एकत्र बसली. आधी धाकटीने भूप गायला, छोटा ख्याल, फार लांबवला नाही. पोरगी आता डोळे उघडे ठेवून गाते, हा मोठा फरक. दोन वर्षांपूर्वी ती गाताना फक्त तानपुऱ्याच्या मोबाइलकडे बघायची. मग थोरलीने पेटीवर चंद्रकंस रागातला लहरा, म्हणजे तबल्याच्या साथीची फिरून फिरून येणारी ओळ, धरला आणि मधल्याने तीनताल वाजवला. गच्चीवर दव पडायला लागलं होतं, तबल्याचा सूर उतरला. त्याने शांतपणे हातोडी काढली, लाकडी गठ्ठे ठोकून तबला चढवला, आणि बहीण लहरा न सोडता थांबून राहिली. पेशकार, कायदा, रेला, शेवटी चक्रदार. कायदा तोच, माझा. लय एकदाही पळाली नाही, आणि खरं सांगायचं तर मला थोडं चुकल्यासारखं झालं, कारण माझा हात काठीसाठी शिवशिवत होता. थोरली लहऱ्यात एक सूर इकडचा तिकडे करत नाही. बारा-पंधरा मिनिटं तीच ओळ वाजवत भावाला सांभाळायचं, आणि टाळ्या भावाला. म्हणून तिचं नाव इथे आधी लिहायला हवं होतं.

मग जमाखर्च. माडीवरच्यांतून दर वर्षी वहिनी बोलतात, कारण भाऊजी अंबडला कंपनीत, आणि त्यांची दुसरी पाळी नेमकी कोजागरीला येते. येते म्हणजे ते लावून घेतात अशी आमची शंका. यंदा त्यांनी रजा टाकली होती. उभे राहिले, माइक हातात घेतला नाही. मागच्यांना ऐकू येईना, पण कोणी 'मोठ्याने' म्हणून ओरडलं नाही.

'खर्ची, वाडा,' म्हणाले. आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'जमा दोन पदव्या आहेत. मी आयटीआय. आता घरात सगळ्यांत कमी शिकलेला मोठा माणूस मी आहे, आणि हे सांगायला मला आज फार बरं वाटतंय.'

वहिनी पदर लावून हसत होत्या की काय करत होत्या, मला दिसलं नाही, माझ्यापुढे नळाजवळचे उभे होते.

बसता बसता भाऊजी परत उठले. 'अजून एक खर्ची राहिली. नवीन घरात खालचे लोक चांगले आहेत, काही म्हणत नाहीत. पण हा वाजवताना मधेच थांबतो. विचारलं तर म्हणतो, वाड्यातल्या खालच्या ताई ठोकतात का बघत होतो.'

यावर मी काय लिहू. मंडळाच्या वहीत जमाखर्चाची नोंद मीच करते. त्यांच्या नावापुढे खर्चीच्या रकान्यात 'ठोका' असं लिहिलंय.

थोरल्या मुलांना ओवाळायची आश्विनी अजून आपल्याकडे पाळतात हे मला आवडतं. दूध वाटायच्या आधी घराघरांतल्या थोरल्या मुलांना पाटावर बसवलं. माडीवरच्या थोरलीला वहिनी ओवाळायला गेल्या, तर कोपऱ्यातल्या काकूंनी त्यांच्या हातातलं तबक घेतलं. 'तूही माहेरची थोरलीच ना? बस लेकीशेजारी.' आणि दोघींना एकदमच ओवाळलं. दोघींचा पदवीदान समारंभ अजून व्हायचाय, पण माझ्या मते तो तिथेच झाला. अध्यक्षांनी नंतर दिलेली शाल-श्रीफळं छानच होती.

आता उपस्थितीबद्दल. पिंपळगावहून मधल्या दाराचे आले. द्राक्षांची छाटणी ऐन भरात, मजूर मिळत नाहीत, तरी पती-पत्नी दोघं आले आणि रात्री परत गेले. देवळाली कॅम्पहून नळाजवळचे गुडघा बांधून सिटीलिंकच्या बसने आले, सहाला हजर. आणि कॉलेज रोडची चार घरं, ज्यांना गच्चीवरची रोषणाई बहुधा बाल्कनीतून दिसत असेल, ती दूध वाटायच्या वेळी आली. ग्रुपवर 'नक्की येतो' सर्वांत आधी त्यांचंच होतं. पार्किंगला जागा नाही म्हणतात. वाड्यात राहत होते तेव्हा गाडी कुठे लावायचे? तेव्हा गाडी नव्हती, हे खरं. दूध त्यांना भरपूर मिळालं, चारोळी वरची वर निवडून.

आभार मानताना गेल्या वर्षी दोन नावं राहिली आणि ती मला संक्रांतीपर्यंत ऐकावी लागली, म्हणून यंदा लिहूनच टाकते. गच्चीची परवानगी आणि पाण्याची टाकी: अण्णांचा थोरला आणि त्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सतरंज्या: मधल्या दाराचे, पिंपळगावहून पिकअपमध्ये टाकून आणल्या. माइक: जिन्याखालच्यांचा नातू, तो भाऊजींनी वापरला नाही, त्यात नातवाचा दोष नाही. दूध पंचवीस लिटर आटवलं ते नळाजवळच्यांनी, स्वतः, बसायला खुर्ची घेऊन. जायफळ किसलं कोपऱ्यातल्या काकूंच्या सुनेने, केशर कोणी दिलं ते सांगू नका असं देणाऱ्याने बजावलंय. रांगोळी धाकट्या मुलींनी, त्यात माडीवरची धाकटीही होती, गाण्याचे कपडे सांभाळून. वर्गणी गोळा करायला चौकातल्यांचा जावई घरोघर फिरला. जावयाने फिरावं का यावर चर्चा झाली, पण पैसे आणले त्यानेच. झाडलोट आणि खरकटं सोसायटीच्या मावशींनी आवरलं, त्यांना वेगळं पाकीट दिलंय, कोषाध्यक्षांनी पावती मागू नये. मुलांच्या गाण्याच्या बाई आणि तबल्याचे सर शिष्यांसाठी आले, शेवटपर्यंत थांबले आणि पाहुण्यांच्या रांगेत बसायला तयार झाले नाहीत. लिफ्टपाशी उभं राहून म्हाताऱ्यांना वर पाठवणारा वॉचमन, त्याला दूध पोचलं की नाही हे मी स्वतः विचारून आले. पोचलं होतं.

दोन मोठी पातेली आणि एक झारा माझ्याकडे राहिलाय. एका पातेल्यावर माडीवरच्यांचं नाव कोरलेलं आहे, दुसरं कोणाचं ते कळवा. माडीवरच्यांचं मी स्वतः पाथर्डी फाट्याला नेऊन देणार आहे, मुलाच्या रियाजाच्या वेळेला. त्यांच्या खालच्या मजल्यावर ओळख काढून ठेवायला वहिनींना सांगितलंय.