लॅटिनच्या आडून

हायड्रोजनचा एच, ऑक्सिजनचा ओ, इथपर्यंत रसायनशास्त्र सरळमार्गी असतं. सोडियमला एनए आणि पोटॅशियमला के म्हटलं की घोकंपट्टी सुरू होते. कारण विचारावं तर उत्तर ठरलेलं: लॅटिनमध्ये नेट्रियम आणि कॅलियम म्हणतात.

म्हणतात खरं, पण कोण? हे दोन्ही धातू एकाही रोमन माणसाने पाहिले नव्हते. ते पहिल्यांदा हाती लागले १८०७ मध्ये, इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या. वितळलेल्या कॉस्टिक पोटॅश या पोटॅशियमच्या संयुगातून त्याने वीज सोडली आणि पोटॅशियम मिळवलं. काही दिवसांत सोडियमही. नेट्रियमच्या मुळाशी आहे नेट्रॉन, इजिप्तमधल्या आटलेल्या तळ्यांतला क्षार. कॅलियमचं मूळ अरबी, वनस्पतींच्या राखेचं. वर लॅटिन शेपूट जोडलं, झालं काम.

हा चिन्हांचा कारभार स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसचा. त्याआधी अणुसिद्धांतवाला इंग्रज शास्त्रज्ञ डाल्टन मूलद्रव्यांसाठी वर्तुळं काढायचा, आत कुठे ठिपका, कुठे रेघ. छापखान्याला ते डोकेदुखीचंच. १८१३-१४ मध्ये बर्झेलियस म्हणाला, अक्षरं वापरा, आणि तीही लॅटिन नावांची. लॅटिन कुणाच्याच घरची भाषा उरली नव्हती, त्यामुळे रुसायला कुणी नव्हतं. दोन नावांची सुरुवातीची दोन अक्षरं सारखी निघाली, तर पुढचं वेगळं व्यंजन घ्यायचं. कथिल म्हणजे स्टॅनम, अँटिमनी म्हणजे स्टिबियम. म्हणून कथिलाला एसएन. अँटिमनीकडे एसटी राहिलं, पुढे त्याचंही एसबी झालं. डाल्टनला हा प्रकार भयंकर वाटला. त्यापेक्षा पोरांनी हिब्रू शिकावी, असा त्याचा सूर होता. घोकंपट्टी आठवली की मला डाल्टनचं पटतं.

अस्सल लॅटिन हवं तर शिसं बघा. प्लंबम, म्हणून पीबी. रोमन लोक शिशाला काळं प्लंबम आणि कथिलाला पांढरं प्लंबम म्हणत. पाण्याचे नळ शिशाचे, म्हणून नळ दुरुस्त करणारा आजही प्लंबर, हातात प्लॅस्टिकचा पाइप असला तरी.

आणि कुणाच्याच नसलेल्या या भाषेच्या आडून लोकांनी आपापलं घोडं दामटलंच. १८७५ मध्ये लेकॉक द ब्वाबोद्राँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने नव्या धातूचं नाव ठेवलं गॅलियम. गॅलिया हे फ्रान्सचं लॅटिन नाव. लोकांनी लगेच वास काढला. फ्रेंचमध्ये ल कॉक म्हणजे कोंबडा, लॅटिनमध्ये कोंबड्याला गॅलस. म्हणजे देशाच्या नावाखाली गड्याने स्वतःचंच नाव खपवलं की काय! त्याने साफ इन्कार केला. खरं-खोटं तोच जाणे, पण एवढा नेमका योगायोग मला तरी पचत नाही.

पुढे १८८६ मध्ये जर्मनीच्या विंक्लरला एक मूलद्रव्य सापडलं. त्याने आडवळण घेतलंच नाही, सरळ जर्मेनियम ठेवलं. गॅलियमचा अणुक्रमांक ३१, जर्मेनियमचा ३२. फ्रान्स आणि जर्मनी इथेही भिंतीला भिंत लावून.