तुम्ही विचारलंत म्हणून: दोन कोटी जमले, मुंबईत नोकरी सोडून राहता येईल का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक आपल्याकडचेच. जळगाव, चोपडा, शिरपूर, शहाद्याहून वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईला गेलेले, डोंबिवली-ठाणे-मुलुंडकडे संसार मांडलेला, वय पंचेचाळीस ते पन्नास. दिवाळीला किंवा लग्नसराईत गावी आले की जेवणं झाल्यावर हळूच विषय निघतो: "भाऊ, इतला पैसा पुरतीन का?"

घर स्वतःचं असेल, कर्ज फिटलेलं असेल आणि मुलांच्या शिक्षणाची रक्कम वेगळी काढलेली असेल, तर दोन कोटी थोडे कमी पडतात. घर भाड्याचं असेल तर पुरत नाहीत. गाडी, हॉटेल, परदेशवारी यांनी या हिशोबात फारसा फरक पडत नाही. निकाल लागतो तो घरावर, दवाखान्यावर आणि नोकरी सोडल्यापासून साठीपर्यंतच्या मधल्या वर्षांवर.

आधी महिन्याचा खर्च. नवरा-बायको आणि कॉलेजात जाणारं एक मूल असं मध्यम घर धरू. किराणा, दूध, भाजी, गॅस 22,000. सोसायटी 6,000. वीज, मोबाइल, नेट 5,500. कामवाली बाई 5,000, प्रवास 5,000. आरोग्य विम्याचा हप्ता महिन्यावर पसरला तर 3,500, नेहमीची औषधं 2,500. कपडे आणि किरकोळ 8,000. गावी येणं-जाणं, लग्नं, आहेर यांचे 6,000 कोणी मांडतच नाही, पण खान्देशातल्या माणसाला ते चुकत नाहीत. एकूण 63,500. यात वर्षाला एक-दीड लाखाचे मोठे खर्च नाहीत: फ्रिज, रंगकाम, दातांचं काम, लॅपटॉप. ते धरले की महिना 75,000, म्हणजे वर्षाला 9 लाख. तुमचा आकडा वेगळा येईल. तो अंदाजाने काढू नका, मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि क्रेडिट कार्डाची बिलं समोर घेऊन बेरीज करा.

आता भागाकार. पैसा सगळा बँकेत ठेवला आणि व्याज महागाईइतकंच मिळालं असं धरा. मग 2 कोटी भागिले 9 लाख, 22 वर्षं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली तर सत्तरीत खातं रिकामं. थोडी जोखीम घेऊन साडेआठ टक्के मिळाले आणि महागाई साडेसहा राहिली, तर 28 वर्षं, म्हणजे वय 76. नव्वदीपर्यंत न्यायचं तर या दुसऱ्या हिशोबाने सुमारे 2 कोटी 65 लाख लागतात, पहिल्याने 3 कोटी 78 लाख. पहिल्याच हिशोबात महिना 35,000 भाडं धरलं तर वर्षाचा खर्च 13 लाख 20 हजार होतो आणि दोन कोटी पंधरा वर्षांत संपतात.

वर्षाच्या खर्चाच्या 25 पट जमले की झालं, हा ठोकताळा तुम्ही ऐकला असेल. तो 1994 साली अमेरिकेत विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने मांडलेल्या, पहिल्या वर्षी जमेच्या चार टक्के काढायच्या हिशोबातून आला. तिथल्या बाजाराचा परतावा, तिथली महागाई आणि 30 वर्षांची निवृत्ती त्यात धरलेली आहे. आपल्याकडची महागाई आणि चाळीस-बेचाळीस वर्षांचा काळ धरला तर मी 33 ते 40 पट सांगतो. लोक नाराज होतात.

घर स्वतःचं आहे म्हणून खर्च संपत नाही, हे सोसायटीच्या बिलावर दिसतं. एक बिल नीट वाचा. सर्व्हिस चार्जेस, पाणी, पार्किंग यांच्या खाली दोन ओळी असतात: सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांची पुंजी, आणि दुरुस्ती निधी. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी 0.75 टक्के. अनेक जुन्या सोसायट्यांनी हा निधी वर्षानुवर्षं नाममात्र घेतलेला असतो. मग स्लॅब गळायला लागला, लिफ्ट बदलायची वेळ आली की सर्वसाधारण सभेत ठराव होतो आणि प्रत्येक घराला एकदम लाख-दोन लाख मागितले जातात. पगार चालू असताना ते निघून जातात, नंतर मुद्दल मोडावं लागतं. इमारत पंचवीस वर्षांच्या पुढची असेल तर असे 5 लाख आधीच बाजूला ठेवा.

पुनर्विकास झाला की सोनं होईल, असं सगळे म्हणतात. घराची किंमत वाढते, खरंय. पण नव्या टॉवरमध्ये चार लिफ्ट, सांडपाणी प्रकल्प, जनरेटर, पोडियम पार्किंग, क्लबहाउस, सुरक्षारक्षकांच्या तीन पाळ्या येतात आणि 3,000 चं मेंटेनन्स 10,000 वर जातं. महिन्याचं मेंटेनन्स 7,500 च्या वर गेलं आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर असली की 18 टक्के जीएसटीही येतो. मुंबई महापालिकेच्या हद्दीत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घराला 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. नवं घर त्याहून मोठं मिळालं की ती माफी गेली. आणि काम चालू असताना बिल्डरने भाडं देणं थांबवलं तर ते खिशातून द्यावं लागतं. ज्यांची इमारत पुनर्विकासाच्या रांगेत आहे त्यांनी दोन वर्षांचं भाडं वेगळं ठेवल्याशिवाय राजीनामा लिहू नये.

आता दवाखाना. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो. म्हणून स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या किमान तीन वर्षं आधी घ्यावी. आधीपासूनच्या आजारांसाठी दावा न मिळण्याचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त 36 महिन्यांचा असू शकतो, तो पगार चालू असतानाच संपून जातो. बीपी-शुगर लपवू नका, दावा नाकारायला तेवढंच निमित्त पुरतं. उशीर झालाच असेल तर कंपनीच्या गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे नोकरी सोडण्याआधी लेखी विचारा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय, तेवढा दिलासा आहे.

खोलीभाड्याची मर्यादा मात्र बारीक बघा. समजा 5 लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. तुम्ही 10,000 ची खोली घेतली. तुम्हाला वाटतं, वरचे पाच हजार आपण भरू. तसं नसतं. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचंही निम्मंच मंजूर होतं, कारण हे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे लागतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कपात लागत नाही. मुंबईत या मर्यादेची पॉलिसी घेण्यात अर्थ नाही.

दुसरी गोम पत्त्याची. काही पॉलिसींत शहरांचे झोन असतात. गावच्या पत्त्यावर पॉलिसी काढली की हप्ता कमी बसतो, पण उपचार मुंबईत घेतले की 10-20 टक्के बिल स्वतः भरायचं कलम आत असतं. जळगाव-धुळ्यातला माणूसही मोठ्या ऑपरेशनला शेवटी मुंबई, पुणे किंवा नाशिक गाठतो. तेव्हा वाचवलेला हप्ता एका बिलात निघून जातो.

मधली वर्षं ही तिसरी अडचण. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीपासून. स्वेच्छानिवृत्ती किंवा नियमाप्रमाणे निवृत्ती असेल तर पंचावन्नपासून, तीही निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत पैसे भरले तर. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिचा उपयोग नाही. पीएफची पेन्शन 58 ला, आणि तिच्याकडून फार अपेक्षा नको: 15,000 पगारमर्यादा गुणिले 15 वर्षं नोकरी, भागिले 70, म्हणजे महिना 3,214. पन्नाशीनंतर पण 58 च्या आधी घेतली तर आधीच्या दर वर्षाला 4 टक्के कमी. पीएफमधली शिल्लक ठेवली तर 58 पर्यंत व्याज चालू राहतं, पण नोकरी सोडल्यानंतरचं व्याज करपात्र आहे. वयाची अट नसलेली साधी सोय म्हणजे पोस्टाची मासिक उत्पन्न योजना: जोडीच्या नावावर 15 लाख, 7.4 टक्क्यांनी महिना 9,250.

बाकीची मांडणी मी अशी सुचवतो. दोन वर्षांचा खर्च, म्हणजे 18 लाख, एफडी आणि बचत खात्यात. त्यापुढच्या पाच-सहा वर्षांचा पोस्ट, बाँड, डेट फंडात. उरलेला इंडेक्स फंडात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, आणि त्याला पहिली सात वर्षं हात लावायचा नाही. कारण साधं आहे. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21,000 वर होता, ऑक्टोबरात 8,000 च्या आसपास. त्या जानेवारीत नोकरी सोडून दर महिन्याला फंडाचे युनिट विकत बसलेल्या माणसाचा बाजार पुढे सावरला, विकलेली युनिटं परत आली नाहीत.

अमळनेरच्या विप्रोचं उदाहरण कोणीतरी काढतंच. 1945 साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या कंपनीचे शेअर ज्यांनी जपले ते श्रीमंत झाले. पण त्याच काळात सुरू होऊन बंद पडलेल्या कंपन्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. एका शेअरवर निवृत्ती टांगू नका.

एका बँकेत व्याजासह 5 लाखांपर्यंतच्याच ठेवीला विमा आहे, आणि पतसंस्थेच्या ठेवीला तोही नाही. एक-दोन टक्के जादा व्याजासाठी पतसंस्थेत पैसा ठेवून काय होतं, हे जळगाव जिल्ह्यात कोणाला समजावायला नको. बायकोच्या नावावर एफडी केली की कर वाचतो, हाही गैरसमज. पैसा नवऱ्याने दिलेला असेल तर व्याज त्याच्याच उत्पन्नात धरतात. नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंत कर शून्य आहे, पण शेअर आणि इक्विटी फंडांच्या नफ्याला ती सवलत नाही. तिथे दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे 12.5 टक्के.

मग गावीच यावं का? रोजच्या खर्चात वाटतो तितका फरक पडत नाही. तेल, साखर, गॅस, मोबाइल यांचे भाव सारखेच. लोकलचा पास गेला तरी दोन दुचाकी आणि बहुधा एक चारचाकी येते. एप्रिल-मे-जूनमध्ये भुसावळच्या उन्हात नुसत्या कूलरवर मुंबईकर मुलं राहत नाहीत, एसीचं बिल धरा. खरा फायदा घराच्या किमतीत आहे. समजा डोंबिवलीचा फ्लॅट 90 लाखांना गेला आणि जळगावात 50 लाखांत घर झालं, तर खर्च वजा जाता 35 लाख मुद्दलात पडतात. नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर लागत नाही. आयकर विवरणपत्राची मुदत आली आणि घर ठरलं नसेल तर रक्कम बँकेतल्या खास कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते. साध्या बचत खात्यात पडून राहिली तर सवलत गेली. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला सरळ 12.5 टक्के आणि खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून 20 टक्के, अशा दोन्ही रीतींनी हिशोब करून घ्या.

आणि गावचं चार एकर केळीचं उत्पन्न या हिशोबात धरू नका. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची बाग, लावली तर माल हातात यायला वर्ष लागतं. मे-जूनच्या वादळात घडासकट केळीचे खांब आडवे होतात, नाहीतर सीएमव्ही या विषाणूरोगाने कोवळी बाग उपटावी लागते, नाहीतर कापणीच्या आठवड्यात भाव पडतो. चांगल्या वर्षी आलेला पैसा खुशाल घ्या, पण सोसायटीचं बिल त्याच्यावर सोडू नका.

तारीख ठरवताना एक बघा. बोनस हातात आल्यावर एप्रिल-मेमध्ये सोडलं तर त्या आर्थिक वर्षात पगार एक-दोन महिन्यांचाच असतो, त्यामुळे रजेच्या पैशांचा करमुक्त मर्यादेवरचा भाग हलक्या टप्प्यात बसतो. मार्चमध्ये सोडलं तर तोच भाग पूर्ण वर्षाच्या पगारावर चढतो. राजीनाम्याआधी दोन अर्ज मात्र करून ठेवा. एक क्रेडिट कार्डाचा, कारण नंतर सॅलरी स्लिप नसली की बँक बहुधा एफडी तारण मागते. दुसरा मुलाच्या शैक्षणिक कर्जाचा. त्याला सहअर्जदाराच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो, आणि दोन कोटी खात्यात असूनही उत्पन्नाच्या रकान्यात व्याज तेवढं लिहिलं की शाखेत प्रश्न सुरू होतात.