मस्टँगचा गिअरबॉक्स आणि टॉवेलचा तंतू

मामांच्या १९६८ च्या फोर्ड मस्टँगमधील सी-४ हा तीन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स आम्ही गेल्या उन्हाळ्यात अक्कलकोट रस्त्यावरच्या शेडमध्ये उघडला, कारण पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिन नुसतेच गुरगुरत असे आणि गाडी रेंगाळत असे. तेलाचा पॅन काढताच जळका वास आला. दुसऱ्या गिअरचा बँड, म्हणजे फिरणाऱ्या ड्रमभोवती आवळला जाणारा पट्टा, झिजून गुळगुळीत झाला होता. शिवाय व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा (इंजिनाच्या ओढीनुसार गिअरबॉक्समधील तेलाचा दाब बदलणाऱ्या भागाचा) पडदा फाटल्यामुळे तेल इंजिनात ओढले जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत होता. नव्या क्लच प्लेटा बसवण्यापूर्वी तेलात भिजत ठेवल्या. सोलापूरकराला जड जाणारा नियम पुढेच होता: आतले भाग टेरी टॉवेलने पुसायचे नाहीत, कारण त्याचा एखादा तंतूही व्हॉल्व्ह बॉडीतील, म्हणजे तेलाला वाट दाखवून गिअर बदलणाऱ्या भागातील, झडप अडकवू शकतो. (आमच्या घरात दुसरे फडके सापडेल तर शपथ!) जोडणीनंतर मधल्या, म्हणजे दुसऱ्या गिअरच्या, बँडचा स्क्रू १० फूट-पाउंडांपर्यंत (हे आवळण्याच्या जोराचे माप) आवळून नेमका पावणेदोन फेरे सैल केला आणि मागच्या बँडचा तीन फेरे. मामांनी घाईत तिथे दोनच फेरे मोजले होते, म्हणून तो पुन्हा आवळावा लागला. आता होटगी रस्त्यावर दुसरा गिअर झटक्याशिवाय पडतो.