वजरी

चर्चमधली पवित्र गुरुवारची मिस्सा आटोपून घरी येऊन दोन तास झाले. अजून मावशींचं ते वाक्य कानातून जात नाही. "तुझे पाय तर धुतलेलेच दिसतात गो!" टोमणा नव्हता तो. कौतुकाने म्हणाल्या. टोमणा असता तर बरं झालं असतं, मनातल्या मनात भांडले तरी असते.

येशूने शिष्यांचे पाय धुतले तसे ह्या मिस्सेत फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या बारांत फादरांनी माझं नाव घातलं, तेव्हा हुरळले होते, खोटं कशाला बोलू. पूर्वी तिथे पुरुषच बसायचे. पोप फ्रान्सिसनी २०१३ मध्ये रोमच्या तुरुंगातल्या बारा पोरांचे पाय धुतले, त्यात दोन मुली होत्या. मग २०१६ मध्ये नियमच बदलला. आता आमच्याकडेही बायका बसतात. रिट्रीटच्या प्रार्थना-शिबिराहून आल्यापासून मी बदललेय असं लोक म्हणतात. मीही म्हणते. जरा जास्तच म्हणते बहुधा.

तर काल रात्री मी वजरी घेऊन न्हाणीत बसले. अर्धा तास. गरम पाणी, मीठ, वर खोबरेल. वेदीसमोर चारचौघांत टाचांच्या भेगा दिसल्या तर?

मावशी माझ्या शेजारीच. पहाटेच्या गाडीने दादरला फुलं विकून आलेल्या, दुपारी वाडीत पाणी सोडून तशाच आलेल्या. नखांत माती. त्यांनी चप्पल काढून पाय पुढे केला, बस्स. फादरांनी पाणी ओतलं तर तबकात गढूळ उतरलं. माझ्या पायावरून उतरलेलं पाणी जसंच्या तसं. धुवायला होतंच काय तिथे?

येशूचा शिष्य पेत्रसुद्धा आधी नाही म्हणाला होता, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत म्हणून. त्याला निदान मळक्या पायांचा संकोच तरी वाटला असेल. मी तो संकोचही घरीच घासून टाकून गेले.

जाऊबाई तिसऱ्या बाकावर होत्या. विहिरीवरून झालं तेव्हापासून... जाऊ दे.

वर्षभर जीभ आवरतेय मी. कोणाला उलटून बोलले नाही, किती गिळलं ते माझं मला ठाऊक. आणि एवढं करून हाती काय, तर स्वच्छ पाय! रडू आलं आधी. मग ह्यांना सांगितलं, तर ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "फादरांचं काम हलकं केलंस की." हसूच फुटलं मला.

शिवाय धुतात तो एकच पाय, उजवा. डावा मी उगाचच घासला.

उद्या शुभ शुक्रवार. क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनाफेरीला अनवाणी जायचं, आणि चर्चमागच्या रस्त्यावर नवी खडी टाकलीय. मावशी झपाझप पुढे जातील. माझ्या ह्या मऊ टाचांचं काय होणार, देव जाणे.