तुम्ही विचारलंत म्हणून: गटात पैशांवरून भांडणं होत नाहीत का?

आमच्या बचत गटाचा विषय निघाला की थोड्याच वेळात हा प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत येतो, एसटीत येतो. पुण्याच्या भाच्यानं तर फार जपून विचारलं, "मावशी, बाराजणी आणि एक पेटी, वाद नाही का होत?"

होतात की! दर महिन्याला होतात. ज्या गटात कधीच होत नाहीत, त्याची मला जास्त काळजी वाटते. तिथं बहुतेक एकच बाई ठरवते आणि बाकीच्या सह्या करून घरी जातात.

आमची रीत अशी आहे. महिन्याला प्रत्येकीनं १०० रुपये टाकायचे. पैसे सतरंजीच्या मधोमध ठेवायचे, आपलं नाव आणि रक्कम मोठ्यानं सांगायची. सचिव लिहिते, कोषाध्यक्ष मोजते, मग तिसरीच कुणीतरी पुन्हा मोजते. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या. सुरुवातीला एका काकूंना हा अपमान वाटला. "माझ्यावर भरवसा नाही म्हणून परत मोजताय काय?" तेव्हा आमच्या कोषाध्यक्ष आक्का, ज्यांना त्या वेळी सहीसुद्धा येत नव्हती, शांतपणे म्हणाल्या, "भरवसा आहे म्हणून तर तुझ्यासमोर मोजते. नसता तर घरी नेऊन मोजले असते." काकू गप्प बसल्या. आक्कांना अक्षर येत नव्हतं, पण कुणाचा किती हप्ता राहिलाय ते वही उघडायच्या आधी सांगायच्या. वही त्यांच्याशी ताडून बघायची वेळ यायची.

बँकवाल्यांनाही हेच बघायचं असतं. १९९२ साली नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, ५०० बचत गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला, तिथून पुढं बायकांना तारणाशिवाय कर्ज मिळायची वाट झाली. आता तर १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा नियमच आहे. पण तारण नाही म्हणजे काहीच बघत नाहीत असं नव्हे. बैठका वेळेवर होतात का, बचत नियमित आहे का, जमलेल्या पैशांतून आपसात कर्ज फिरतं का, परतफेड होते का, हिशोब लिहिलेले आहेत का, ही पंचसूत्री ते वह्यांमधून तपासतात. सातबाऱ्यावर बहुतेकींचं नाव नसतं. बैठकीत काय ठरलं ते लिहायच्या इतिवृत्ताच्या वहीत मात्र असतं, स्वतःच्या सहीनिशी.

गावात गटाची कर्जं देणाऱ्या खाजगी कंपन्याही येतात. त्यांच्याकडेही बायका गोल करूनच बसतात, बऱ्याचदा त्याच बायका. पण तिथं एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा, आणि पूर्ण वसुली होईपर्यंत माणूस उठत नाही. मग बायका एकमेकींच्या दारात जातात त्या वसुलीला. शेजारीण शेजारणीवर पाळत ठेवायला लागते. आमच्याकडे हप्ता थकला तर आधी दोघीच जातात, त्याही दुपारी, घरातली पुरुषमाणसं आणि सासू कामावर असताना. म्हैस दगावली असेल, नवऱ्यानं पैसे उडवले असतील, तर ते तिनं चारचौघांत सांगावं अशी सक्ती नाही. ती काय म्हणते ते ऐकायचं आणि पुढच्या बैठकीत हप्ते लहान करून घ्यायचा ठराव मांडायचा. कारण विचारलं तरी तिथं फक्त "घरची अडचण" एवढंच लिहायचं. ठराव मात्र लिहायचाच. लिहिलं नाही की चार महिन्यांनी दुसरी म्हणते, तिला सूट दिली, मग मला का नाही?

अध्यक्षाचं सांगते, कारण नेतृत्व म्हटलं की लोक तिच्याकडेच बघतात. आमची पहिली अध्यक्ष शिकलेली, बोलकी, बँकेत साहेबासमोर न अडखळणारी. त्यामुळं झालं काय, सगळं तिच्यावर पडलं. तिला ताप आला की बैठक रद्द. शेवटी पदं फिरती करायची ठरवली, तर एकही पुढं येईना. "मला काय कळतंय त्यातलं" हेच सगळ्यांचं. मग असं केलं की नवीन बाईनं जुनीबरोबर बँकेत जायचं आणि खिडकीवर नवीननंच बोलायचं. जुनीनं मागं उभं राहायचं. नवीन अडखळली, चुकीचा फॉर्म भरला, क्लार्क वैतागला, तरी जुनीनं तोंड उघडायचं नाही. मला विचाराल तर गटातलं सगळ्यात अवघड काम ते मागं उभं राहणं होतं. आमची पहिली अध्यक्ष एकदा बाहेर पायरीवर जाऊन बसली. म्हणाली, आत राहिले असते तर बोललेच असते. आक्का सही करायला शिकल्या त्या याच फेऱ्यांमध्ये.

राहिली भांडणं. ती कर्ज कुणाला आधी यावरून होतात. आजारपणाला सगळ्यात आधी, त्यावर कुणी बोलत नाही. मग शाळेची फी. खरी गंमत जूनमध्ये, कारण पेरणी सगळ्यांची एकदमच. औंदा सहाजणींनी खताला पैसे मागितले आणि पेटीत जेमतेम तिघींपुरते होते. एक म्हणाली, सहाजणींत सारखे वाटा. वाटायला सोपं आहे, पण अर्ध्या खतात पेरणी धड होत नाही, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. मी म्हटलं, ज्यांची कोरडवाहू आहे त्यांना आधी द्या, विहीर असलेल्यांनी थोडं थांबावं. त्यावर बराच आवाज झाला. शेवटी त्या सहाजणींनाच बाजूला ओट्यावर बसवलं आणि तुम्हीच ठरवा म्हटलं. चहा होईपर्यंत दोघी श्रावणापर्यंत थांबायला तयार झाल्या. तिसरीला पटलं नाही, तिनं माहेराहून पैसे आणले. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. बचतीचे १०० रुपये मात्र वेळेवर टाकते, आणि मोजणी माझ्याकडे असली की दोनदा मोजायला लावते.