हाडांच्या गोळ्या, कॅन्सरची भीती आणि स्ट्रिपची कापलेली कडा

हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी बहुधा चारच्या स्ट्रिपमध्ये येते. नौपाड्यात काय किंवा वाशीत काय, केमिस्टकडे दोनच मागितल्या की तो कात्रीने कापून देतो. बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली कडा बऱ्याचदा त्याच्याच ड्रॉवरमध्ये राहते. बिल तर आपणच नको म्हणतो. पुढे औषधाने अपाय झाला असं वाटलं, तर वकील आधी हीच कडा आणि हेच बिल मागतो. म्हणून अख्खी स्ट्रिप घ्या आणि बिलावर बॅच नंबर आहे ना, ते दुकानातच बघा.

आता कॅन्सरचं. ‘हाडांच्या औषधांनी कॅन्सर होतो’ हे सरसकट वाक्य चुकीचं आहे. प्रत्येक औषधाची गोष्ट वेगळी आहे.

ॲलेन्ड्रोनेट, रिसेड्रोनेट, इबँड्रोनेट या गोळ्यांबाबत प्रश्न आला तो अन्ननलिकेच्या कॅन्सरचा. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या एकाच नोंदसंग्रहावरून दोन गटांनी अभ्यास केला. एकाला पाच वर्षांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत धोका साधारण दुप्पट दिसला, दुसऱ्याला वाढ दिसलीच नाही. पहिला अभ्यास खरा धरला तरी साठ ते एकोणऐंशी वयात पाच वर्षांत हजारी एकाच्या जागी हजारी दोन, एवढाच तो फरक. मणका किंवा खुबा मोडण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. मात्र अन्ननलिका अरुंद असेल, गिळायला त्रास असेल किंवा बॅरेट्सचं (ॲसिडमुळे अन्ननलिकेचं खालचं अस्तर बदलण्याचं) निदान झालं असेल, तर प्रिस्क्रिप्शन लिहिण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

रोज दिसणारा त्रास वेगळा आहे, आणि तो बहुतेक वेळा घेण्याच्या पद्धतीतून येतो. सकाळी उठल्यावर अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची. पुढचा अर्धा तास बसून किंवा उभं राहायचं; इबँड्रोनेट असेल तर तासभर. आडवं झालं की गोळी अन्ननलिकेत अडकते आणि तिथे भाजल्यासारखी जखम होते. चहाबरोबर घेतली तर ती जवळजवळ वायाच जाते, कारण रिकाम्या पोटीसुद्धा तिचा जेमतेम अर्धा-पाऊण टक्का भाग शरीरात शोषला जातो. कॅल्शियमची गोळी निदान अर्ध्या तासाने, इबँड्रोनेट असेल तर तासाने. गिळताना दुखायला लागलं किंवा नव्याने छातीत जळजळ सुरू झाली, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना गाठा.

कॅल्सिटोनिनच्या नाकातल्या स्प्रेबाबतचा इशारा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. युरोपच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये चाचण्यांची आकडेवारी तपासली. दीर्घकाळ वापरणाऱ्यांत कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं: तोंडावाटे घेणाऱ्यांत ०.७ टक्के आणि स्प्रेवाल्यांत २.४ टक्के जास्त. त्यानंतर तिथे हाडांच्या ठिसूळपणासाठी हा स्प्रे बंद झाला. मणका दबल्यावर वेदनेसाठी कुणी तो लिहून दिला असेल, तर किती आठवडे घ्यायचा हे विचारा. वर्षानुवर्षं चालू ठेवायचं ते औषध नव्हे.

टेरिपॅराटाइडच्या रोजच्या इंजेक्शनवर हाडाच्या कॅन्सरचा ठळक इशारा होता. तो उंदरांवरच्या प्रयोगातून आला होता. माणसांत तसं दिसलं नाही, आणि अमेरिकेने तो ठळक इशारा २०२० मध्ये काढला. तरीही ज्यांच्या हाडांवर आधी रेडिएशन झालंय त्यांना हे देत नाहीत. टाटा किंवा अन्य कुठे स्तनाच्या कॅन्सरसाठी शेक घेतला असेल, तर ती जुनी फाइल हाडांच्या डॉक्टरांपुढे ठेवायलाच हवी.

भीतीपोटी औषध परस्पर थांबवू नका, आणि डेनोसुमॅबचं सहामाही इंजेक्शन तर मुळीच नाही. ते चुकलं की त्याचा असर झपाट्याने उतरतो आणि एकापाठोपाठ एक मणके दबू शकतात.

अमेरिकेतले गाजलेले खटलेही मुळात कॅन्सरचे नव्हेत. फोसामॅक्सच्या (ॲलेन्ड्रोनेटच्या मूळ ब्रँडच्या) कंपनीने २०१३ मध्ये सुमारे बाराशे दाव्यांसाठी २.७७ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, ते दावे जबड्याचं हाड कुजल्याचे होते. २०१९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं प्रकरण मांडीचं हाड अचानक मोडल्याचं होतं. म्हणून ही औषधं घेताना दात काढायचा असेल तर डेंटिस्टला आधी सांगा. मांडीत किंवा जांघेत आठवडेच्या आठवडे मंद ठणका राहिला, तर दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढून घ्या. दुखणारी बाजू एक असली तरी तडा दोन्हीकडे असू शकतो.

त्या खटल्यांच्या जाहिराती पाहून इथल्या पेशंटने फॉर्म भरण्यात अर्थ नाही. आपल्याकडचा मार्ग म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात उत्पादकाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे, पण कलम ८७ नीट वाचा. औषध तज्ज्ञाच्याच देखरेखीखाली वापरायचं असेल आणि कंपनीने त्या तज्ज्ञाला पुरेसा इशारा दिला असेल, तर इशारा न दिल्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. कंपनीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार. त्यामुळे तुम्ही औषध घेत होता त्या काळात खोक्यातल्या माहितीपत्रकात काय छापलं होतं, यावर बरंच काही ठरतं. ते पत्रक खोक्यासकट जपा. डॉक्टरांनी धोका सांगितला की नाही, हा प्रश्न वेगळा. त्याला केस पेपर लागतात. लेखी मागितल्यावर ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

तक्रारीची मुदत दोन वर्षं. उशीर झाला तर कारण पटवावं लागतं. कोणत्या ग्राहक आयोगात जायचं ते मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर मोजलेल्या किमतीवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. म्हणजे औषधांची बहुतेक प्रकरणं फीशिवाय दाखल होतात. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. नवी मुंबईकरांना ठाण्याचा अतिरिक्त आयोग बेलापूरच्या कोकण भवनात आहे. खारघर, कामोठे, पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात, त्यांचा आयोग अलिबागला. इथे बरेच जण चुकतात आणि तारखा वाया घालवतात. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येतं. सरकारी रुग्णालयात सगळ्यांना फुकट मिळणारे उपचार या कायद्यात बसत नाहीत.

वकील सक्तीचा नाही, पण औषधामुळेच अपाय झाला हे दाखवायला तज्ज्ञाचं मत बहुतेक वेळा लागतं, आणि ते गोळा करायला वकिलाची मदत होते. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००.

आयोगात जा किंवा जाऊ नका, दुष्परिणामाची नोंद फार्माकोव्हिजिलन्सकडे (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) करा: १८००-१८०-३०२४. पेशंट किंवा घरचं माणूसही ती करू शकतं. पेशंटची आद्याक्षरं, काय त्रास झाला, संशय कोणत्या औषधावर आणि कळवणारा कोण, एवढं सांगितलं तरी नोंद होते. बॅच नंबर हाताशी असेल तर तोही द्या.