पंख्याखाली हरवणारी आस

सतारीची आस, म्हणजे तार छेडल्यावर रेंगाळत राहणारा सूर, ऐकायची सवय असेल, तर अँबियंट पियानो परका वाटायचं कारण नाही. सूर मोजके, मधल्या जागा मोठ्या. उजवा पेडल दाबला की डँपर, म्हणजे तारांचा आवाज दाबून धरणाऱ्या गाद्या, तारांवरून उचलले जातात, सव्वादोनशेच्या आसपास तारा मोकळ्या होतात आणि एक पट्टी वाजली की तिच्याशी जुळणाऱ्या बाकीच्या तारा सतारीच्या तरफांसारख्या, न छेडताच, घुमू लागतात. खालचा सूर २० सेकंदांहून जास्त रेंगाळतो. अगदी वरचा एक-दोन सेकंदांत संपतो. अमेरिकन संगीतकार हॅरोल्ड बडच्या पियानोला ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोने १९८० साली प्रतिध्वनीची जोड दिली, तीही ही आस लांबवण्यासाठीच.

सोलापुरात नेमकी हीच आस पंखा खातो. पंख्याची घरघर खालच्या-वरच्या सगळ्या सुरांवर पसरलेली असते, त्यामुळे सुराचा शेवटचा, सर्वांत हळू भाग तिच्याखाली बुडतो. शिवाय फिरत्या पात्यांवरून परतणारा आवाज थरथरतो आणि स्थिर सुराला नसलेला कंप आल्यासारखा वाटतो. आवाज वाढवून हे सुटत नाही. पुढचा आघात कानावर आदळतो. एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय दुपारी बसणं म्हणजे शिक्षाच, म्हणून पहाटे पाचची वेळ धरावी. पूर्व भागात यंत्रमागांची खटखट भिंतीतूनही येते. तिथे कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हेडफोन बरे. मागून उघडे हेडफोन कितीही मोकळे वाजोत, माग आत येणारच.

स्पीकर असतील तर दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, बाजू दीड ते दोन मीटर. खोलीत टाळी वाजवून बघा. मागे झणझण उरली तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज टोलवत आहेत. यावर सोलापुरी चादर उत्तम, पण भिंतीला सपाट चिकटवून नव्हे: दुहेरी करून, चुण्या पाडून, भिंतीपासून १० सेंटिमीटर सोडून टांगायची. खालच्या सुरांची घूम मात्र चादरीला दाद देत नाही. ३ मीटर लांबीच्या खोलीत ५७ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीलगत फुगतो आणि बरोबर मध्यावर नाहीसा होतो. खुर्ची मागच्या भिंतीपासून साधारण १ मीटरवर ठेवली की दोन्ही टळतं.

फोनच्या ॲपमधला क्रॉसफेड बंद करा. तो पाच सेकंदांवर असेल तर एका रचनेची शेपटी कापून तिच्यावर दुसरी चढवतो, म्हणजे ज्यासाठी बसलो तेच गेलं. इक्वलायझरही बंद. मोठ्यात मोठा सूर समोर बसून बोलणाऱ्या माणसाइतका ऐकू यावा. त्याहून फार हळू ठेवलं तर कानालाच खालचे सूर कमी पोचतात आणि पियानो पोकळ वाटतो.

खटखट, खसखस, बाकाची कुरकुर ऐकू आली तर रेकॉर्डिंग बिघडलेलं समजू नका. हातोडी आणि तारा यांच्यामध्ये नमद्याची (फेल्टची) पट्टी घातली की सूर मऊ आणि लहान होतो; मग माइक अगदी जवळ लावावा लागतो आणि पियानोच्या यंत्राचा श्वासही टिपला जातो. जर्मन पियानोवादक निल्स फ्रामचा २०११ चा ‘फेल्ट’ हा अल्बम असाच आहे.

आणि हेडफोन, फोन चार्ज ठेवा. लाइट गेली की पंखा, फ्रिज, माग सगळं एकदम थांबतं. घाम पुसायला टॉवेल तेवढा जवळ हवा.